हजारामागे

माझं काम तसं सोपं.
दर महिन्याच्या पाच तारखेआधी आकडे वर पाठवायचे.
मेलेली जन्मली ती एका रकान्यात,
सात दिवसांच्या आत गेली ती दुसऱ्यात,
दोन्हींची बेरीज करून हजाराने गुणायचं,
एकूण जन्मांनी भागायचं.
उत्तर दशांशात येतं.
दशांशातलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

एप्रिलचं पान, अकरा तारखेची रात्र :
बालामणी येमूल, विडी घरकुल, दुसरी खेप.
स्त्री. वजन ९८०. आठवडे, प्रश्नचिन्ह.
शेऱ्यात ‘मृत’. त्याच्याखाली काहीतरी खोडलेलं,
खिडकीशी धरलं तर अर्धं वाचता येतं.

सूचनापत्र म्हणतं, आठवडे ठाऊक नसतील तर वजन बघा.
हजार ग्रॅमच्या पुढे मूल.
अलीकडे आमच्या तक्त्यात जागा नाही.
पण रडलं असेल, छाती एकदाच जरी हलली असेल,
तर वजन विचारू नका :
ते जन्मलं, आणि गेलं.

होटकर सिस्टर म्हणाल्या,
‘लाइट गेलेली. आम्ही दोघी, कळा देणाऱ्या पाच.
श्वास? असंल एखादा.
घड्याळ बघू का बाळ बघू?
आणि जिवंत लिहिलं की मीटिंग लागते.
मीटिंगमध्ये काय झालं ते कोण विचारतंय,
ड्युटी कोणाची होती ते विचारतात.’
त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी प्यायले.

मग काट्यावर साखरेची किलोची पुडी ठेवून पाहिली.
नऊशे पंच्याऐंशी.
उचलून पुन्हा ठेवली.
एक हजार दहा.

विडी घरकुलात पत्रे तापलेले.
बालामणीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
शेजारी भिजवलेल्या पानांचं ओलं फडकं.
मी फॉर्म काढला, बारा पानांचा.
अंगावरून पाणी कधी गेलं, ताप होता का,
रिक्षा किती वाजता मिळाली.
तिचे हात थांबले नाहीत.
पान, चिमूट, वळण, दोरा.
ब्लाउज ओला होत होता, महिना होत आला तरी.
तिनं सूप जरा वर ओढून घेतलं.

मग तिनंच विचारलं, ‘किती भरली ओ?’
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
‘नऊशे ऐंशी.’
‘हजाराला वीस कमी.’
दोरा दातानं तोडला.
‘आमच्या कारखान्यात पण तसंच बघा.
हजार द्यायच्या. चेकर छाट काढतो.
पण छाट मोजतो की ओ तो.
टाकून द्यायच्या आधी मोजतो.’

प्रश्न अडतिसावा : बाळ रडलं होतं का?
आतून सासू म्हणाली, नाही.
बालामणीनं सूप खाली ठेवलं.
‘मांजराच्या पिल्लागत. एकदाच.
मग लाइट आली, पंखा सुरू झाला,
त्या आवाजात पुढचं काय ऐकू आलं नाही.’

मी तिचेच शब्द लिहिले.
पंखासुद्धा लिहिला.
फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती, समासात लिहिला.

होटकर सिस्टरनी समास दोनदा वाचला.
दुरुस्तीखाली सही केली, तारीख घातली.
‘मीटिंगला मी येते,’ म्हणाल्या,
आणि हात धुवायला गेल्या, बराच वेळ.

काटा दुरुस्तीला टाकायचं पत्र हे चौथं.

जूनमध्ये साहेबांनी तक्ता टेबलावर पसरला.
‘पाठवून झालेला एप्रिल मेमध्ये कसा वाढला?
आपल्या केंद्राचा दर चढलाय, कळतंय का?’
कळत होतं. दशांशानंतरचा आकडा बदललेला.
मी म्हटलं, ‘त्या रात्री पंख्याचा आवाज होता, साहेब.’

ते वर पंख्याकडे बघू लागले.